एकच 'धग', दोन गोष्टी: शीर्षकावर मालकी कोणाची?

'धग' हा सिनेमा पाहण्याआधी मूळ पुस्तक वाचून घेऊ, असं ठरवून तुम्ही ग्रंथालयातून उद्धव शेळक्यांची कादंबरी घरी आणलीत, तर थोड्याच पानांत काहीतरी बिनसल्याची शंका येईल. कादंबरी १९६० सालची. तिच्यात वऱ्हाडातलं एक शिंप्याचं घर आहे, कौतिक नावाची बाई आहे, तिचा नवरा महादेव आहे आणि हा संसार कसाबसा तगवण्यासाठी कौतिकने चालवलेली न संपणारी धडपड आहे. सिनेमा २०१२ सालचा, दिग्दर्शक शिवाजी लोटन पाटील. त्यात स्मशानात प्रेतं जाळण्याचं काम करणारं कुटुंब आहे आणि त्या कामातून सुटू पाहणारा एक मुलगा. या सिनेमाने पाटलांना दिग्दर्शनाचा आणि उषा जाधव यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. मात्र शेळक्यांची कौतिक त्यात कुठेच नाही, कारण या दोन कलाकृतींचा एकमेकींशी नावापलीकडे संबंधच नाही.

यात कोणी कोणाचं काही चोरलेलं नाही. तरी असं दिसलं की पहिला प्रश्न हमखास येतो: 'हे चालतं? दुसऱ्याच्या पुस्तकाचं नाव असं सरळ उचलता येतं?' येतं. बहुतेक वेळा येतं. कधी येत नाही, हे समजून घ्यायचं तर आधी नावं सारखी होतात कशी, ते पाहावं लागेल.

सर्वांत सोपा प्रकार वारशाचा. जयवंत दळवींची कादंबरी 'चक्र', तिच्यावरून निघालेला हिंदी सिनेमाही 'चक्र'. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी', सिनेमाही 'दुनियादारी'. इथे गोष्ट तीच, हक्क रीतसर घेतलेले, नाव गोष्टीबरोबर चालत आलेलं. वाचकाचा घोळ व्हायचं कारण नाही. उलट गोष्ट घेतली आणि नाव मागे सोडलं, असंही होतं. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरून जब्बार पटेलांनी सिनेमा केला तो 'उंबरठा' नावाने. इकडे 'बेघर' शोधत हिंदीच्या कपाटाकडे गेलात तर हाती येईल ती ममता कालिया यांची १९७१ सालची कादंबरी, जिचा 'उंबरठा'शी काडीचाही संबंध नाही. पटेलांच्याच 'सिंहासन'चं पाहा. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या एकत्र करून १९७९ साली हा सिनेमा झाला. पुढे १९८६ साली 'सिंहासन' नावाचा हिंदी सिनेमा आला, जितेंद्र आणि जयाप्रदाचा, राजेरजवाड्यांच्या पोशाखातला. मंत्रालयातल्या खुर्चीसाठी रंगलेलं साधूंचं राजकारण डोक्यात ठेवून कोणी तो लावला असेल, तर त्या प्रेक्षकाची मला मनापासून कीव येते.

दुसरा प्रकार समान पूर्वजाचा. पुराण आणि इतिहास ही सगळ्यांची सामाईक ठेव. तिच्यातून नाव उचलायला कोणाची परवानगी लागत नाही. वि. स. खांडेकरांची 'ययाती' १९५९ साली आली, गिरीश कार्नाडांचं कन्नड नाटक 'ययाति' १९६१ साली. राजा तोच, प्रश्न वेगळे. पुढे दोघांनाही ज्ञानपीठ मिळालं.

त्याहून मजेशीर जोडी 'मृत्युंजय'ची. मराठी माणसाला 'मृत्युंजय' म्हटलं की कर्ण आठवतो आणि शिवाजी सावंत आठवतात. कादंबरी १९६७ सालची. पण बीरेंद्रकुमार भट्टाचार्य यांनी असमिया भाषेत 'मृत्युंजय' याच नावाची कादंबरी लिहिली आहे. तिच्यात १९४२ चं आंदोलन आहे, आसामची खेडी आहेत आणि लष्करी रेल्वेगाडी रुळांवरून उतरवण्याचा कट रचणारी साधी माणसं आहेत, ज्यांना हिंसा-अहिंसेचा प्रश्न आतून पोखरतो आहे. भट्टाचार्यांना १९७९ चं ज्ञानपीठ मिळालं. सावंतांना भारतीय ज्ञानपीठाचाच मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला. आणि दोन्ही कादंबऱ्यांचे हिंदी अनुवाद छापले तेही भारतीय ज्ञानपीठानेच! संस्था एक, नाव एक, कादंबऱ्या दोन. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनी 'मृत्युंजय आणि ज्ञानपीठ' ही जोडी पाहून डोळे झाकून सावंतांच्या नावापुढे खूण केली, तर त्यांना फार दोष देता येणार नाही.

तिसरा प्रकार निव्वळ योगायोगाचा, आणि 'धग' त्यातलाच. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ सालची. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावरचा चक्रधर विध्वंस आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी हॅर्टा यांचं काही दिवसांचं प्रेम. विश्वास पाटलांनी आपल्या 'पानिपत'वरून नाटक लिहिलं, वामन केंद्रे यांनी ते बसवलं, त्याचंही नाव 'रणांगण'. आणि २०१८ साली स्वप्नील जोशी खलनायक असलेला सिनेमा आला, तोही 'रणांगण'. तिघांत समान काय, तर झुंज. ती प्रत्येक गोष्टीत असतेच. त्यामुळे हे नाव आणखी कितीही वेळा वापरलं जाऊ शकतं आणि जाईल.

अण्णाभाऊ साठ्यांच्या 'फकिरा'ची गत आणखी वेगळी. इंग्रज सत्तेशी आणि भुकेशी एकाच वेळी लढणाऱ्या मांग समाजातल्या वीराची ही कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. आज इंटरनेटवर नुसतं 'फकिरा' टाकलं तर तिच्या शेजारी शशी कपूर-शबाना आझमीचा १९७६ चा हिंदी 'फकीरा' येऊन बसतो, बिछडलेले भाऊ आणि रवींद्र जैनांच्या गाण्यांसह. शोधयंत्राला वेलांटीचा ऱ्हस्व-दीर्घ फारसा कळत नाही.

हिंदी सिनेमात हा योगायोग तर रोजचाच. 'अंदाज' १९४९ सालचा मेहबूब खान यांचा, त्यात नर्गिस, दिलीपकुमार, राज कपूर. 'अंदाज' १९७१ सालचा रमेश सिप्पींचा, त्यात हेमामालिनी आणि शम्मी कपूर. 'अंदाज' २००३ सालचा, त्यात अक्षयकुमार, लारा दत्ता आणि प्रियांका चोप्रा. तीन पिढ्या, तीन वेगळ्या गोष्टी. प्रभातचा 'आदमी' १९३९ सालचा, म्हणजे आपल्या 'माणूस'चंच हिंदी रूप, आणि दिलीपकुमारचा 'आदमी' १९६८ सालचा. 'दोस्ताना' तर एकाच घरातला: १९८० चा 'दोस्ताना' यश जोहर यांच्या धर्मा प्रॉडक्शन्सचा पहिला सिनेमा, आणि २००८ चा 'दोस्ताना' करण जोहरने त्याच बॅनरखाली काढलेला. पहिल्यात अमिताभ आणि शत्रुघ्न यांची मैत्री तुटते, दुसऱ्यात दोन तरुण भाड्याच्या घरासाठी समलिंगी जोडपं असल्याचं नाटक करतात. हा रिमेक नव्हे. घरातलं जुनं नाव होतं, ते पुन्हा बाहेर काढलं.

आता कायद्याकडे वळू.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. त्याच्या १३ व्या कलमात कशाकशाला संरक्षण मिळतं ते सांगितलं आहे: स्वतंत्र साहित्यकृती, नाटक, संगीत, कलाकृती, चित्रपट, ध्वनिमुद्रण. शीर्षक त्यात नाही. ते विसरून राहिलेलं नाही. एकदोन शब्दांचं नाव म्हणजे 'कृती' नव्हे, कृतीकडे बोट दाखवणारी खूण आहे, अशी त्यामागची समजूत. समजा उद्या 'सावली' हा शब्द माझ्या मालकीचा झाला, तर पुढची साठ वर्षं मराठीत कोणाला 'सावली' नावाचं काही लिहिता येणार नाही. साठ हा आकडा उगाच घेतलेला नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट टिकतो. म्हणजे माझी हयात आणि वर साठ वर्षं.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे त्याचं स्वच्छ उत्तर मिळालं. एका लेखकाने 'देसी बॉइज' नावाच्या कथेचा सारांश २००८ साली लेखकांच्या संघटनेकडे नोंदवला होता. २०११ मध्ये 'देसी बॉइझ' नावाचा सिनेमा आला, शेवटी इंग्रजी 'झेड' लावून. लेखकाने निर्मात्यांविरुद्ध फौजदारी तक्रार केली. गंमत अशी की तक्रार गोष्टीबद्दल नव्हती, नावाबद्दल होती. २०१५ साली न्यायालयाने ती रद्द केली. नाव हे कृतीवाचून अपुरं, त्याला स्वतंत्र कॉपीराइट नाही. शिवाय हे दोन शब्द लोकांच्या बोलण्यात रुळलेले, ते जोडण्यात विशेष निर्मिती कसली?

एवढ्यावर थांबलं तर असं वाटेल की उद्या कोणीही 'शोले' काढू शकतो. तसं नाही. इथे दुसरा कायदा येतो, ट्रेडमार्कचा, आणि त्याचा प्रश्नच निराळा आहे. 'हे नाव आधी कोणाला सुचलं?' असं तो विचारत नाही. तो विचारतो, 'हे नाव ऐकून गिऱ्हाइकाची फसगत होईल का?' या विषयातलं जवळजवळ सगळं या एका प्रश्नावर फिरतं. माझ्या मते लेखक-निर्मात्यांचे गैरसमज होतात ते याच ठिकाणी. त्यांना वाटतं कायदा त्यांच्या सुचण्याचं रक्षण करतो. इथे तो प्रेक्षकाच्या तिकिटाच्या पैशाचं करतो.

आता 'नि:शब्द'चं प्रकरण घ्या. जहर कानुंगो यांचा 'नि:शब्द' नावाचा बंगाली सिनेमा २००५ सालचा, शहराच्या गोंगाटाने हैराण झालेल्या माणसाचा, चित्रपट महोत्सवांत दाखवला गेलेला. २००७ साली रामगोपाल वर्मांचा 'नि:शब्द' येऊ घातला, अमिताभ बच्चन आणि जिया खानचा. कानुंगोंची कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं: एकट्या सिनेमाच्या नावाला संरक्षण हवं असेल तर ते नाव उच्चारताच लोकांना तुमचाच सिनेमा आठवतो, हे दाखवा. ते दाखवता आलं नाही. शिवाय प्रदर्शन अगदी तोंडावर आल्यावर दावा केलेला. स्थगिती मिळाली नाही. कलेच्या दृष्टीने कानुंगोंचा सिनेमा कमी होता असं यातून निघत नाही. तो कमी लोकांना ठाऊक होता, एवढंच. हा निकष छोट्या माणसाला जाचक आहे, हे मान्यच करायला हवं. ज्याच्याकडे जाहिरातीला पैसा, त्याच्या नावाला वजन.

याच वर्माजींना दुसऱ्या टोकाचाही अनुभव आला. त्यांनी 'शोले'ची नवी आवृत्ती काढायला घेतली तेव्हा तिच्या नावात 'शोले' होतं. वाद झाला, नाव बदललं आणि सिनेमा २००७ मध्ये 'रामगोपाल वर्मा की आग' म्हणून आला. खटला तरीही चालला. २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने मूळ 'शोले'च्या हक्कदारांच्या बाजूने निकाल देऊन दहा लाखांची दंडात्मक भरपाई ठोठावली. 'शोले' म्हटल्यावर कोणाला काय आठवतं, हे या देशात सिद्ध करत बसावं लागत नाही. पण खरी मेख पुढेच आहे. सिप्पींच्या १९७५ च्या 'शोले'च्या बावीस वर्षं आधी, १९५३ साली, बी. आर. चोप्रांनी 'शोले' नावाचा सिनेमा काढला होता, अशोककुमार आणि बीना राय यांना घेऊन. म्हणजे नाव आधी चोप्रांचं, आणि त्याला वजन आलं सिप्पींमुळे. 'आधी कोण' हा प्रश्न इथे किती कमी मोलाचा आहे, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

वाक्प्रचारासारखी नावं तर आणखी सैल. 'कभी अलविदा ना कहना' या नावावर हक्क सांगत एक जण २००६ साली करण जोहरविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. त्यालाही स्थगिती मिळाली नाही. ती ओळ मुळात १९७६ च्या 'चलते चलते'मधल्या गाण्यातली. आणि 'चलते चलते' नावाचा शाहरुखचा सिनेमा २००३ साली येऊन गेलेलाच होता.

मग निर्माते नाव 'रजिस्टर' करतात म्हणजे नेमकं काय करतात? ते सरकारदरबारी जात नाहीत, आपापल्या संघटनेकडे जातात. हिंदीसाठी मुंबईत इम्पासारख्या निर्मात्यांच्या संघटना आहेत, मराठीसाठी कोल्हापूरचं अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ. ही नोंदणी म्हणजे धंद्यातल्या माणसांनी आपसांत पाळायचा करार. तुम्ही नाव नोंदवलंत की संघटनेचा दुसरा सभासद काही काळ तेच नाव घेत नाही. उपयोग मोठा, कारण भांडणं कोर्टात जाण्याआधीच मिटतात. पण संघटनेबाहेरच्या माणसाला हा करार बांधत नाही. कोर्टात ही पावती दाखवून मालकी सिद्ध होत नाही.

हॉलिवूडमध्येही हीच रीत. तिथल्या मोठ्या स्टुडिओंच्या संघटनेने १९२५ मध्ये शीर्षकांची नोंदवही सुरू केली. २०१३ साली तिच्यावरून मोठी रंगत आली. 'द बटलर' नावाचा सिनेमा तयार झाला, व्हाइट हाउसमधल्या कृष्णवर्णीय खानसाम्याचा. वॉर्नर ब्रदर्सने हरकत घेतली: हे नाव आमच्याकडे आहे, आमच्या संग्रहात १९१६ सालचा 'द बटलर' नावाचा मूक लघुपट आहे. तो लघुपट पाहिलेलं माणूस तेव्हा जगात कितीसं उरलं असेल! पण करार तो करार. शेवटी वर्गात दोन प्रसाद असले की बाई आडनावाने हाक मारतात, तसा तोडगा निघाला आणि दिग्दर्शकाचं नाव पुढे लावून सिनेमा 'ली डॅनियल्स द बटलर' म्हणून लागला. आपल्याकडे यश चोप्रांच्या १९७३ च्या 'दाग'ला 'अ पोएम ऑफ लव्ह' असं शेपूट होतं आणि १९९९ च्या 'दाग'ला 'द फायर' असं. नुसता 'दाग' १९५२ सालीच दिलीपकुमारचा येऊन गेला होता.

पुस्तकांच्या जगात अशी नोंदवही नाही. त्यामुळे तिथे टक्कर जास्त होते आणि गाजावाजा कमी. एच. जी. वेल्सची 'द इन्व्हिजिबल मॅन' १८९७ ची, स्वतःवर प्रयोग करून अदृश्य झालेल्या शास्त्रज्ञाची. राल्फ एलिसनची 'इन्व्हिजिबल मॅन' १९५२ ची, समोर उभा असूनही गोऱ्या समाजाला न दिसणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणाची. फरक फक्त सुरुवातीच्या 'द'चा, आणि दोन्ही अव्वल.

टक्कर कधी कधी पथ्यावरही पडते. कॅनडाच्या एमिली शुल्त्झ या लेखिकेची 'जॉयलँड' ही पहिली कादंबरी २००६ साली आली आणि शांतपणे मागे पडली. २०१३ साली स्टीफन किंगची 'जॉयलँड' आली. किंगने हट्टाने ती सुरुवातीला फक्त कागदावर काढली, ई-बुक काढलंच नाही. जुन्या स्वस्त पेपरबॅकची मजा वाचकांना मिळावी, अशी त्याची इच्छा. झालं काय, किंडलवर 'जॉयलँड' शोधणाऱ्यांना मिळाली ती शुल्त्झची. लोकांनी धडाधड विकत घेतली. मग वाचायला बसले, भयकथा सापडेना, आणि चिडून एकेक तारा देऊन मोकळे झाले. बिचारीला आधी शिव्या मिळाल्या आणि काही महिन्यांनी मानधनाचा घसघशीत धनादेश. तिने 'स्टीफन किंगचे पैसे खर्च करताना' अशा अर्थाचं एक सदर इंटरनेटवर सुरू केलं आणि त्यातून काय काय आणलं ते लिहीत गेली. किंगच्या कानावर हे गेलं तेव्हा त्याने आनंद व्यक्त केला आणि तिची कादंबरी मागवणार असल्याचं सांगितलं.

दर वेळी इतका खेळीमेळीचा शेवट होत नाही. 'क्रॅश' ही जे. जी. बॅलर्डची १९७३ ची कादंबरी, मोटारींच्या अपघातांनी कामुक होणाऱ्या माणसांची. तिच्यावर डेव्हिड क्रोननबर्गने १९९६ मध्ये सिनेमा काढला. २००४ साली पॉल हॅगिसने लॉस एंजेलिसमधल्या वंशद्वेषावर सिनेमा काढला, नाव 'क्रॅश', आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. आता 'क्रॅश' म्हटलं की कोणता, हे विचारावंच लागतं. घरच्यांसोबत बसून चुकीचा लावलात तर पुढची दहा मिनिटं अवघड जातील.

तेव्हा शोधताना थोडी काळजी घ्यावी. सिनेमाचं नाव टाकताना साल आणि दिग्दर्शक दोन्ही टाका. ओटीटीवर चित्र ओळखीचं वाटलं तरी कलाकारांची नावं वाचा. 'पार्टी' नावाखाली महेश एलकुंचवारांच्या नाटकावरचा गोविंद निहलानींचा १९८४ चा सिनेमा हवा असेल, तर २०१८ चा मित्रांच्या टोळक्याचा मराठी 'पार्टी' लागू नये. पुस्तक ऑनलाइन मागवताना मागच्या मुखपृष्ठावरचा तेरा आकडी आयएसबीएन जुळवा. दोन पुस्तकांचं नाव एक असेल, हा क्रमांक एक नसतो. मराठी विकिपीडियावर अशा नावांसाठी 'निःसंदिग्धीकरण' नावाची पानं असतात. नाव भारदस्त आहे, पण काम एवढंच की कोणता 'मृत्युंजय' हवा ते विचारायचं.

आणि तुम्ही स्वतः पहिली कादंबरी लिहून बसला असाल, नाव ठरलं असेल आणि आजच कळलं असेल की त्या नावाचं एक पुस्तक पूर्वीच येऊन गेलंय, तर ते पुस्तक किती लोकांना ठाऊक आहे ते आधी पाहा. चाळीस वर्षांपूर्वी एकच आवृत्ती निघून संपलेलं असेल तर खुशाल पुढे जा. 'कोसला' असेल तर दुसरं नाव शोधा. आणि नाव सारखं असलं तरी मुखपृष्ठाची मांडणी, अक्षरांची धाटणी, रंगसंगती मात्र त्या पुस्तकासारखी अजिबात नको. नाव माफ असतं, पण दुकानात वाचकाने तेच पुस्तक समजून उचलावं अशी तजवीज केलेली दिसली, तर कोर्टात उत्तर देणं जड जाईल.